चार तिकिटं एकदम

विमानाचं भाडं किती सोयीचं असतं, हे ज्याला कुठे जायचं नसतं त्यालाच कळतं. पाय दुखतो म्हणावं तर लोक डॉक्टर सुचवतात. काम आहे म्हणावं तर कसलं काम म्हणून खोदून विचारतात. पण 'भाडं बघितलंत का?' एवढं म्हटलं की समोरचा माणूस आपणहून सुस्कारा टाकतो आणि विषय तिथेच मिटतो. दादाला ही युक्ती कुणी शिकवली नव्हती, त्याला ती आपसूक यायची.

दादा हा बँकेच्या शाखेचा मुख्य म्हणून निवृत्त झालेला माणूस. बँकेने त्याची खुर्ची काढून घेतली, पण घरातली खुर्ची त्याने सोडली नव्हती. पाठचा भाऊ मधला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा आणि दिवसभर दुसऱ्यांना 'ब्रेक, ब्रेक' सांगून घरी आला की दादाची री ओढायचा. मग सगळ्यांत शेवटची धाकटी, पन्नाशीला टेकलेली, तरी घरात अजून धाकटीच. आणि या तिघांच्याही वरची ताई, जी समुद्रापलीकडच्या शहरात राहायची आणि जिच्यावरून हे सगळं रामायण सुरू झालं.

ताई त्रेसष्ट वर्षांची होती आणि लग्न करणार होती.

नवरा मुलगा म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा एक विधुर. ताईचाही नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात लाज नव्हती, नुसता आनंद होता. "शुक्रवार धरलाय. नोंदणी कचेरीत जायचं, सह्या करायच्या, बाहेर जेवायचं. भेटबिट काही आणू नका. माझ्या बाजूने दोन साक्षीदार लागतात, ते माझे दोघे भाऊ होतील. तुमच्या सगळ्या कागदांवर मी सह्या केल्या, आता माझ्या एका कागदावर तुम्ही करा."

हे तिने गमतीत म्हटलं असलं तरी खोटं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी नुकती चालायला लागली होती आणि बाबा महिनोन् महिने बोटीवर असायचे. शाळेचे दाखले, प्रगतिपुस्तकं, दवाखान्याचे कागद, सगळ्यांवर ताईचीच सही. स्वतःचं शिक्षण तिने अर्धवट सोडलं आणि या तिघांचं पुरं केलं.

फोन ठेवल्यावर दादा आपल्या खुर्चीत जाऊन बसला. मग त्याने चष्मा लावला, फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाडं बघितलंत का?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारचं जेवण झालं की दादाच्या टेबलावर तिकीट शोधण्याचा सोहळा व्हायचा. या घराची एक रीत होती. आई गेल्यापासून सगळं एकत्र व्हायचं. गरम कोट घ्यायचे तर सगळ्यांचे एकदम, फिरायला जायचं तर सगळ्यांनी एकदम. पूर्वी त्याचा निर्णय ताई घ्यायची, ती परदेशी गेल्यावर तो दादाकडे आला. एकट्याने काही घेणं म्हणजे घर फोडणं. त्यामुळे तिकिटंही चार, एकदम, एकाच विमानाची: दादा, वहिनी, मधला आणि धाकटी. मधल्याला बायको होती, पण ती वेगळी होऊन आता सुखात होती.

दादाचे नियम कडक होते. त्या शहराचं नाव टेबलावर कुणी उच्चारायचं नाही, कारण फोन ऐकतो आणि भाडं वाढवतो. 'तिकडे' म्हणायचं. भाडं बघण्याआधी फोनमधलं जुनं सगळं पुसायचं. आणि एकाने बघितलेलं दुसऱ्याने ताडून बघायचं, म्हणून चौघांनी चार फोनवर एकाच वेळी शोधायचं, अगदी पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं, तिथला शेवटचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि न भरता बाहेर यायचं.

"माझ्याकडे एवढं," दादा वाचायचा.

"माझ्याकडे त्याहून जास्त," मधला म्हणायचा.

धाकटीच्या फोनवर त्याच्याही वर. वहिनीची पाळी येईपर्यंत भाडं असं चढलेलं असायचं की त्यात एक चांगला फ्रीज आला असता. वहिनी तो आकडा हळू आवाजात वाचायची आणि फोन उलटा ठेवायची.

"बघा! डोळ्यांदेखत वाढवतात. ही लूट आहे लूट. पुढच्या रविवारी बघू," दादा म्हणायचा.

तो हे रागाने म्हणायचा, पण चष्मा काढताना त्याच्या चेहऱ्यावर राग नसायचा. परीक्षा पुढे ढकलली गेली म्हणजे पोरांचा चेहरा होतो तसा व्हायचा. धाकटीच्या मनात पाल चुकचुकायची. पण आकडा तर तिच्याही फोनवर होता, तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला. वाद कशाच्या जोरावर घालणार? ती चडफडत घरी जायची आणि ताईला कळवायची की बघतोय, बघतोय.

धाकटी कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांना दात पुरवणारी एक प्रयोगशाळा होती, तिच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ तिचं टेबल होतं. टेबलावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, एक छोटी शेगडी आणि कडेला गुळगुळीत करायचं चाक. ओठांनी माणसं काहीही बोलोत, दात बघितले की रात्री कोण दात खातं आणि कोण राग गिळतं हे तिला कळायचं. पेशंट तिथे सहसा येत नसत. पण पुढचा एकच दात बसवायचा असला की रंग शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून डॉक्टर कधीकधी माणूसच पाठवून द्यायचे.

असाच एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा वास आणि पुढच्या दाताच्या जागी खिंडार. खिडकीकडे तोंड करून बसवलं, ओठ वर करायला लावलं, रंगांची पट्टी दाताशेजारी धरली, तरी गडी बोलायचा थांबेना. एका विमान कंपनीत आयुष्यभर भाडी ठरवायच्या खात्यात होतो, असं त्याने न विचारता सांगितलं आणि वर छाती फुगवली.

धाकटीने पट्टी खाली ठेवली. "म्हणजे डोळ्यांदेखत भाडं वाढवणारे ते तुम्ही?"

"मीच," भाडेवाला खुशीत म्हणाला. "शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांचं भाडं विचारू नये, अशी आम्ही देवाची प्रार्थना करायचो. का, काय झालं?"

तिने सांगितलं. चार फोन, पुसापुशी, नाव न उच्चारणं, पैसे भरायच्या पानापर्यंत जाणं, सगळं. भाडेवाला ऐकत गेला आणि मग त्या खिंडारातून शिट्टी वाजेपर्यंत हसला. बाहेरच्या खोलीतल्या बाईने डोकावून बघितलं.

"अहो बाई, फोन ऐकतो की नाही ते राहू द्या. विमानाला तुमचं नावगाव काय करायचंय? सीटा खणांत वाटलेल्या असतात. खुर्ची तीच, गुडघे तसेच अडकतात, पण पहिल्या खणातल्या थोड्या सीटा स्वस्त, दुसऱ्यातल्या जरा महाग, असं वर वर. खालचा खण रिकामा झाला की मशीन वरच्या खणाचं भाडं दाखवतं. आता तुम्ही चार सीटा एकदम मागता. समजा स्वस्त खणात तीन उरल्यात. मशीन तीन स्वस्त आणि एक महाग असं सहसा देत नाही. चारही वरच्या खणातून देतं."

"म्हणजे एक एक मागितली असती तर?"

"तर तिघं स्वस्तात गेले असते. आणि ऐका पुढचं. पैसे भरायच्या पानावर गेलात की ती सीट थोडा वेळ तुमच्यासाठी धरून ठेवतात. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. तुमच्या दादांनी चार धरल्या, तुमच्या भावाने पुढच्या चार धरल्या, तुम्ही त्याच्या पुढच्या. मग वहिनींना काय दिसणार? सगळ्यांत महाग. बाई, तुमचं भाडं कंपनीने नाही वाढवलं. तुम्हीच आपल्या सीटा अडवून बसत होता आणि तुम्हीच बोंब मारत होता."

धाकटीला आधी हसू आलं, मग स्वतःचा भयंकर राग आला. इतके रविवार वाया गेले होते.

बाकीचं तिने त्याच्याकडून पिळून काढलं. शुक्रवारचं लग्न म्हणून गुरुवारी संध्याकाळी निघालात तर तुमची गरज त्यांना कळते, बुधवारी निघा. शनिवार-रविवार परतू नका, मंगळवारी या. मोठ्या विमानतळाऐवजी शहराबाहेरचा लहान बघा. तिथून आगगाडी असते का ते आधी पाहा, नाहीतर वाचवलेलं टॅक्सीत घालवाल. बॅग चढवू नका, बॅगेचं भाडं वेगळं. जायचं आणि यायचं वेगवेगळ्या कंपन्यांचं बघा. आणि स्वस्त मिळालं की घ्या, उद्यावर टाकू नका, कारण उद्या तुमच्यासाठी थांबत नाही.

"आणि एवढं करून नाहीच मिळालं तर?" धाकटीने विचारलं.

"तर मग किती जायचंय यावर आहे," भाडेवाला म्हणाला. "आमचं सगळं खातं त्यावरच चालायचं. ज्याला जायचंच आहे तो देतो." त्याने पुन्हा ओठ वर केला. "पिवळा जरा कमी करा हं, मी काही म्हातारा नाही."

त्या रविवारी धाकटी दादाकडे गेली ती कंबर कसून. जेवणं झाली, दादाने चष्म्यासाठी खिशात हात घातला, तेवढ्यात ती उठली, तिघांचेही फोन उचलले आणि फ्रीजवर नेऊन ठेवले.

"हे काय चाललंय?" दादाने विचारलं.

"आज एकच फोन. माझा," ती म्हणाली, आणि तिने सगळं समजावून सांगितलं. खण, धरलेल्या सीटा, चार एकदम मागण्याची किंमत. मधला तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. वहिनी टेबल पुसता पुसता थांबली. मग धाकटीने बुधवारचं विमान काढलं, लहान विमानतळाचं, आणि एकच सीट मागून भाडं दाखवलं.

दादाने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हे एका बाजूचं असेल."

"दोन्ही बाजूंचं मिळून. तू मागच्या महिन्यात सूट शिवलास ना, त्याच्या शिलाईहून कमी."

"बॅग?"

"सूट अंगावर घालून बस."

"त्या लहान विमानतळावरून शहरात कसं जायचं?"

"आगगाडी आहे. ताईच्या घरापासून चालत जाण्याएवढ्यावर थांबते."

"बुधवारी मला..." दादा म्हणाला आणि थांबला. निवृत्त माणसाला बुधवारी काय असतं, हे त्यालाही सुचेना.

"माझे शिकाऊ लोक असतात बुधवारी," मधल्याने त्याच्या मदतीला धावायचा प्रयत्न केला.

"एक दिवस दुसऱ्याच्या गाडीला धडकतील. पुढे बोल."

पुढे बोलायला काही उरलं नव्हतं. भाडं संपलं होतं. या घरात इतके रविवार सगळे ज्याच्या आड उभे होते, ते धाकटीने बाजूला केलं होतं, आणि आता दादा उघड्यावर आला होता. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग ऐक. मला जायचं नाहीये."

"हे तू पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"काय बोलू? या वयात माझ्या बहिणीच्या डोक्यात लग्न शिरलंय, असं बोलू? आणि कुणाशी, तर बसवाल्याशी! मी त्या माणसाला भावोजी म्हणू? आणि वर सही मागते माझी. त्या कागदावर माझं नाव कायमचं राहणार, की माझा याला होकार होता. शाखेतले लोक अजून भेटतात मला. काय सांगू त्यांना?"

धाकटीचे कान तापले. तिला वाटलं होतं की खरं ऐकल्यावर वाईट वाटेल. वाईट वाटायला फुरसतच नव्हती, संताप एवढा दाटून आला होता.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "की तू गणितात नापास झालास तेव्हा त्या प्रगतिपुस्तकावर कुणी सही केली होती. बाबांना कळू दिलं होतं का तिने? आणि बँकेच्या पहिल्या नोकरीला जामीन कोण राहिलं? तिने विचारलं होतं का, की या नापास पोराच्या कागदावर माझं नाव कायमचं राहील, लोकांना काय सांगू? बस चालवली त्या माणसाने, दादा. दुसऱ्यांची पोरं रोज सुखरूप घरी पोचवली. तुझ्या शाखेने कुणाला कुठे पोचवलं ते मला माहीत आहे, माझं कर्ज तुम्हीच नाकारलं होतंत."

"आवाज खाली!"

"नाही करणार खाली."

मधला खुर्चीत चुळबुळ करत होता. धाकटी त्याच्याकडे वळली. "आणि तू रे? तुलाही लाज वाटते?"

"मला कसली लाज? माणूस बरा वाटतो मला फोनवर," मधला पुटपुटला. "पण दादा नाही तर मी एकटा कसा येऊ? आपल्यात असं कधी..."

"विमानात प्रत्येकाला वेगळी खुर्ची असते, मधल्या. कुणाच्या मांडीवर बसावं लागत नाही."

मधला मूग गिळून बसला. धाकटीला त्या क्षणी दादापेक्षा त्याचाच जास्त राग आला. दादाला निदान स्वतःचं काहीतरी वाटत होतं. याला येण्याची इच्छा होती आणि तरी तो येणार नव्हता. चौघांत जो सगळ्यांत भित्रा, त्याच्या मापाने चौघांनी चालायचं, ही या घराची रीत होती, आणि तिला आपण आजवर माया म्हणत आलो, हे तिला एकदम नको झालं.

"मी माझं तिकीट काढतेय," ती म्हणाली. "एक. एकटीचं."

"घर फोडतेस तू," दादा म्हणाला.

"फोडतेय."

तिने फोन उचलला. भांडणात वेळ गेला होता, पण सीट अजून होती. तिने नाव भरलं, पैसे भरले, आणि तिकीट आल्याचा आवाज त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू आला. 

तेवढ्यात वहिनी आतल्या खोलीतून आली. ती आत कधी गेली तेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेली बाई, पावलांचा आवाज न करण्याची तिला सवयच होती. तिच्या हातात तिची पर्स होती.

"माझंही एक काढ गं," ती म्हणाली.

दादाने मान वर केली. "अगं, तू कुठे निघालीस?"

"ताईंच्या लग्नाला."

धाकटीने पुन्हा शोधलं. आकडा बदलला होता, चांगलाच. स्वस्त खणातली शेवटची सीट तिनेच घेतली होती. तिने खजील होऊन फोन वहिनीपुढे धरला.

दादाने मान लांब करून बघितलं आणि त्याला केवढा तरी आधार वाटला. "बघ! वाढलं! मी सांगत होतो ना. थांब जरा, पुढच्या रविवारी आपण नीट..."

"वाढलं तर वाढलं," वहिनी म्हणाली. "काढ."

"एवढे पैसे टाकून?"

"माझे आहेत अहो," वहिनी म्हणाली आणि कार्ड टेबलावर ठेवलं. "तीस वर्षं लोकांना पुस्तकं शोधून दिली, त्याचे आहेत. तुम्ही रविवारचं जेवण गरम करून घ्या. दोघं आहात ना."

बुधवारी दोघी निघाल्या. सीटा एकमेकींपासून लांब मिळाल्या होत्या, शेजारी बसायचं तर त्याचेही पैसे मागत होते, ते त्यांनी दिले नाहीत. धाकटीच्या शेजारी कोटातला एक गृहस्थ होता. तिला राहवेना. तिने त्याला भाडं विचारलं. त्याने सांगितलं, तिच्या तिप्पट. तिने आपलं सांगितलं, खण समजावले, बुधवार-मंगळवार समजावला, चार तिकिटं एकदम कधी मागू नका म्हणून बजावलं. गृहस्थाने खिडकीकडे तोंड फिरवलं ते उतरेपर्यंत. धाकटीला फार बरं वाटलं.

गुडघे मात्र दोघांचेही सारखेच अडकले होते.

उरलेल्या वाटेत तिने ताईशी काय बोलायचं याची उजळणी केली. सारवासारव करायची नाही. दादा असं असं म्हणाला आणि मधला असा असा गप्प बसला, सगळं सरळ सांगायचं. इतके दिवस खोट्यात गेले, आता बास.

पण ती रात्र आणि दुसरा दिवस ताईने बोलूच दिलं नाही. दोघींना बघून ती एवढी हरखली, एवढी बडबडली, की भाऊ मागाहून येतायत की काय, हे तिने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी नोंदणी कचेरीच्या लांब बोळात चौघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. ताईने गडद निळे कपडे घातले होते, केस नुकते कापून घेतले होते. बसवाला रुंद खांद्यांचा आणि लाजाळू होता. तो सारखा सगळ्यांवरून नजर फिरवत होता, कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी न हलवणाऱ्या माणसासारखा.

बोळाच्या टोकाला लिफ्ट होती. ती उघडली की ताई बघायची. फायली घेतलेला एक माणूस आला. एक तरुण जोडपं आलं. लिफ्ट पुन्हा मिटली.

"भाडं फार झालं असणार," ताई म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं. "मीच उशिरा कळवलं. दोघांना मिळून केवढ्याला पडलं असतं! बिचारे."

धाकटी तयार होती. विमानात पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण ताईचा चेहरा तिच्या इतक्या जवळ होता, आणि त्या चेहऱ्याने स्वतःच एक कारण शोधून पुढे केलं होतं. आपण नुसतं हो म्हणायचं होतं. इतके रविवार चाललेल्या ज्या खोट्यावर ती तुटून पडली होती, तेच खोटं म्हणायला तिने तोंड उघडलं. "हो ना ताई, भाडं..."

"भाडं स्वस्त होतं, ताई," वहिनी म्हणाली.

बसवाल्याने खाली बघितलं. धाकटीला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं.

"स्वस्त?" ताईने विचारलं.

"यायचं असतं तर आले असते, इतकं स्वस्त होतं." वहिनीचा आवाज ग्रंथालयातलाच होता, हळू, पण एक अक्षर सुटणार नाही असा. "यांना सही करायची नव्हती. मधल्या भावोजींना यांच्याशिवाय यायचं नव्हतं. मी तीस वर्षं यांच्या वतीने सगळ्यांना काहीबाही सांगत आलेय, ताई. तुम्हाला नाही सांगणार."

ताई तिच्याकडे वळली. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत, वाहू दिले. धाकटीला तिचा हात धरावासा वाटला, पण धीर झाला नाही. बसवाल्याने खिशातून रुमाल काढला आणि न बोलता तिच्या मांडीवर ठेवला.

"बरं झालं सांगितलंस," शेवटी ताई म्हणाली. तिने नाक शिंकरलं. "नाहीतर मी जन्मभर त्या विमान कंपनीला शिव्या घातल्या असत्या."

आधी वहिनी हसली, मग धाकटी, रडता रडता, बोळात सगळे वळून बघतील एवढ्याने.

दाराशी कारकून आला आणि त्याने त्यांचा नंबर पुकारला. हातातल्या कागदावर बघून म्हणाला, "वधूच्या बाजूला दोन भावांची नावं आहेत साक्षीदार म्हणून. कुठे आहेत ते?"

ताई उठून उभी राहिली. लिफ्टकडे तिने आता बघितलं नाही.

"खोडा ती," ती म्हणाली. "माझे साक्षीदार या दोघी आहेत."